चिठ्ठीएवढं वचन

तुमसर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रविण,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं चिडीचूप. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, तू वाचलंस की न वाचताच ठेवून दिलंस हे मला कळत नाही, त्यामुळे मला आशेवर राहता येतं. तुझा चाकणचा पत्ता तुझ्या मित्राकडून काढला. त्याला रागावू नकोस, मी फार छळलं बिचाऱ्याला.

आधी घरची खबर. थंडी पडली तशी मायचे गुडघे कुरकुरायला लागलेत. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे, पण दुपारी एक चक्कर जुन्या घराकडे मारतेच. कुलूप ओढून बघते आणि परत येते. तुझे भाऊजी एस.टी.च्या ड्युटीवरून आले की तिला डेपोतल्या भांडणांच्या गोष्टी रंगवून सांगतात आणि ती हसते. मी आपली शिवणाच्या मशीनवर. लग्नसराई आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय, आणि प्रत्येकीला तिचंच आधी हवंय.

परवा अड्याळहून मधुकरमामा आला होता. त्यांच्याकडची मंडईची जत्रा आटोपली, धानाचं चुरणं-मळणं झालं, म्हणून नवे तांदूळ घेऊन आला. पोतं खाली ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "प्रविण कुठी हाय?" मी म्हटलं, चाकणला, गोदामात सुपरवायझर आहे, बरं चाललंय त्याचं. तर म्हणतो, "देवावर रुसला त रुसला, मायवर काहून रुसला तो? माय का देवाच्या नोकरीवर हाय?" माय तिथेच बसली होती. ती म्हणाली, "रुसला नाही तो. लाजून राहिला." मग मामाने पाणी मागून घेतलं. तो आपल्या चर्चच्या पायरीवर कधी चढला नाही, त्याचे देव वेगळे, पण बाबांच्या मातीला सकाळपासून उभा होता हे तू पाहिलंस.

माय म्हणते ते खरं का, ते तू सांग. मला एवढंच म्हणायचं आहे की इथे तुला कुणी काही विचारणार नाही. "तुम्ही बरे होणार, देवानेच लिहून दिलंय," हे बाबांना तू एकटा थोडाच म्हणत होतास? आम्ही सगळेच म्हणत होतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्चमध्ये सुपातून त्यांना जी वचनाची चिठ्ठी आली होती, तिच्यावर तेच तर होतं, की मरणार नाही, जगेन. फरक इतकाच की तू आमचा पाळक होतास, तुला ते सगळ्या मंडळीपुढे उभं राहून बोलावं लागलं. ईस्टरच्या तोंडावर बाबा गेले. मातीच्या वेळी तुझ्या हातातलं पवित्र शास्त्र मिटलं ते मिटलंच, आणि आठवड्याभरात चर्चची किल्ली बाबूलालभाऊंच्या हातात देऊन तू गाडीत बसलास.

नाताळाला ये. नाताळाला जमत नसेल तर नव्या वर्षाला ये. प्रार्थना करायला नको, पुढे बसायला नको. मायच्या हातचं जेव आणि तिच्याशी बोल. तुझा आवाज ऐकून तिला किती दिवस झाले, आणि ती स्वतःहून मागत नाही. म्हणून मी मागते.

माझं म्हणशील तर मी मजेत आहे. विश्वासात आहे. दर रविवारी भक्तीला जाते.

तुझी,
रीताताई


तुमसर
३ डिसेंबर २०२४

प्रिय प्रविण,

पार्सल पोचलं. म्हणजे पत्रही पोचलं होतं, सापडलास की नाही? मायचा स्वेटर उलटा केला, दोन्ही बाह्यांत हात घालून पाहिला, चार ओळी कुठे लपवल्या असशील म्हणून. एक ओळही नाही. बाबांवर गेलास अगदी. त्यांनाही माया करायची असली की ते वस्तू आणायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

स्वेटरचं माप चुकलंय. बाह्या लांब आहेत. मी म्हटलं, आण, आतून दुमडून देते. तर माय हात लावू देत नाही! "त्यानं आणला तसाच राहू दे," म्हणते आणि बोटं आत ओढून बसते. भर दुपारी उन्हातसुद्धा घालते. शेजारची ललिताबाई म्हणाली, "काकू, गरम नाही होत का?" तर म्हणे, "होते. पण चांगला हाय."

आता एक अडचण सांगते. बाबूलालभाऊ आले होते. तू गेल्यापासून रविवार तेच चालवतात, महिन्यातून एकदा भंडाऱ्याहून पाळक येतात. भाऊंची प्रार्थना तुला माहीतच आहे, गॅसवर डाळ ठेवून गेलेल्या बायका मध्येच उठून जाऊन तो बंद करून येतात. माणूस मात्र सोन्यासारखा. दर रविवारी मायला विचारतात, "पोराचा फोन आला काय?" आणि नाही म्हटलं की त्यांचाच चेहरा पडतो.

तर ते म्हणाले, "रीताबाई, नवीन सालाच्या चिठ्ठ्या सुरू कर. तुयाच हातच्या पायजे." मी हो म्हटलं. गुलाबी आणि पिवळे कार्डशीट आणले, पट्ट्या कापल्या, पेन घेऊन बसले. आणि हात चालेना.

दर वर्षी हे काम मला किती आवडायचं! शास्त्रातली छान छान वचनं शोधायची, एकेक ओळ सुबक अक्षरात लिहायची, गुंडाळी करून लाल दोरा बांधायचा. मग पहिल्या दिवशी सुपात नवं धान घेऊन त्यात त्या चिठ्ठ्या खोचायच्या, आणि एकेकाने पुढे येऊन हात घालायचा. जे येईल ते तुझं वर्षाचं वचन. पण या वेळी प्रत्येक पट्टी हातात घेतली की कुणाचा तरी चेहरा समोर येतो. खुशबूच घे. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा नाही. मागच्या वेळी तिला लेकराबाळांच्या आशीर्वादाचं वचन आलं. ती चिठ्ठी ती उशीखाली ठेवून झोपते, हे मला तिच्या सासूने सांगितलं. ती माझ्या अक्षरातली आहे, प्रविण. या वर्षी कुणाच्या उशीखाली काय जाईल, कुणाच्या खाटेशी उभं राहून आपण सगळे काय म्हणत बसू, हे मनात आलं आणि मी पेन ठेवून दिला.

बाबांची चिठ्ठी मायने मातीच्या वेळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. तू तेव्हा बाहेर होतास, तुला ठाऊक नसेल. मी म्हटलं, माय, हे कशाला आता? तर म्हणाली, "त्याले आलती. त्याच्यापाशी राहू दे." तेव्हा मला तिचा एवढा राग आला होता की मी तिच्याकडे बघितलंही नाही.

मागच्या पत्रात लिहिलं ना, की मी विश्वासात आहे? ते खरं नाही. भक्तीला जाते ते मायला हात धरून न्यावं लागतं म्हणून. दाराजवळच्या बाकावर बसते. गीत सुरू झालं की ओठ हलवते. प्रार्थनेत डोळे मिटते आणि कुणाचं ब्लाउज कधी द्यायचं ते ठरवते. बाबा गेल्यापासून मी देवाशी स्वतःहून एक शब्द बोललेले नाही. शास्त्र कपाटावर आहे आणि त्याच्यावर मशीनच्या तेलाची बाटली ठेवलेली आहे. तुझे भाऊजी बघतात, बोलत काहीच नाहीत. तू निघून गेलास म्हणून मी तुझ्यावर किती चिडले होते! मीही गेलेच आहे रे. फक्त मी तिकीट काढलं नाही.

हे मायला सांगू नकोस. तू तिच्याशी बोलतच नाहीस, म्हणून तुला सांगायला सोपं गेलं.

तुझी,
रीताताई


तुमसर
१७ डिसेंबर २०२४

प्रिय प्रविण,

तुझा मेसेज मिळाला. "ताई, नाताळाला सुटी नाही." चार शब्द. पण आले, मी मोजून कपाळाला लावले. मायला वाचून दाखवले, तिने पुन्हा वाचायला लावले.

चिठ्ठ्यांचं काय झालं ते ऐक.

मी शास्त्र खाली काढलं. भक्तिभावाने काढलं असं समजू नकोस, भांडायला काढलं. ज्या दुकानदाराने फसवलं त्याच्याकडे आपण पावती घेऊन जातो ना, तशी मी गेले. बाबांच्या चिठ्ठीचं ते एकशे अठरावं स्तोत्र उघडलं. त्यातली ती एक ओळ मला पाठ होती. तिच्या आधी काय, नंतर काय, मी कधी बघितलंच नव्हतं. चिठ्ठीवर जागाच तेवढी असते.

माय मामाचे तांदूळ निवडत बसली होती, म्हणून मोठ्याने वाचलं. पूर्ण वाचलं. त्यात एक माणूस आहे. त्याला चहूकडून शत्रूंनी घेरलेलं आहे, ढकलून दिलेलं आहे, देवाने आपल्याला चांगलीच शिक्षा केली असं तो स्वतःच म्हणतो. त्यातून तो वाचला, आणि आता देवळाच्या दाराशी येऊन आभार मानतो आहे. मी वाचून थांबले. माय तांदळातले खडे वेचता वेचता म्हणाली, "तो वाचला असन, म्हणून सांगून राहिला. तुया बाबाची गोष्ट नाही हे. त्याची सोताची हाय."

प्रविण, मी शिंपीण आहे. एकीच्या मापाचं दुसरीला घातलं तर काय होतं हे मला रोज दिसतं. आपण त्या माणसाच्या आभाराची एक ओळ कापली आणि बाबांच्या अंगावर चढवली. ती त्यांना बसली नाही तेव्हा म्हटलं, कापडच खोटं. कापड काही खोटं नव्हतं रे. तू इतकं शिकलास, तुला हे ठाऊकच असणार. पण स्वतःचा बाप खाटेवर असताना कुणाला काय आठवतं? हातात येईल ते धरतो आपण. तू धरलंस, आम्ही तुझ्या हाताला धरलं. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळत नाही.

मग मी थांबलेच नाही. पहिल्या स्तोत्रापासून सुरू केलं, रोज दुपारी मशीन बंद करून. आणि मला काय सापडलं सांगू? भांडखोर माणसं सापडली. एक देवाला विचारतो, आणखी किती दिवस विसरणार आहेस मला? दुसरा म्हणतो, ऊठ, झोपलास की काय? एकाने तर आसवं हेच आपलं जेवण झालं असं सांगितलंय. इतकी वर्षं मी चिठ्ठ्या लिहिते, यांतली एकही ओळ मी कधी चिठ्ठीवर घेतली नाही. गुलाबी कागदावर बरी दिसली नसती. पण त्यांना शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. देवावर ओरडणारी माणसं त्याच्याच पुस्तकात, त्याच्या स्तुतीच्या गाण्यांमध्ये, मांडीला मांडी लावून बसलेली आहेत! मला तिथे एकदम रडू आलं. मायने विचारलं, "काय झालं व?" मी म्हटलं, काही नाही, तांदळाची भुशी गेली डोळ्यात.

ज्या पुस्तकाने एवढं कडू लपवून ठेवलं नाही, त्याच्या गोड बोलण्यावरही भरवसा ठेवावा असं मला वाटायला लागलंय. प्रार्थना अजून जमत नाही. डोळे मिटले की अजून ब्लाउजच दिसतात. पण तेलाची बाटली मी खिडकीत नेऊन ठेवली.

आणि चिठ्ठ्यांचं ठरलं. या वर्षी ओळ नाही. फक्त अध्याय लिहायचा, अमुक पुस्तक, अमुक अध्याय. ज्याला जो येईल त्याने घरी जाऊन तो पूर्ण वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

बाबूलालभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. "अवो बाई, नवीन सालाले लोकायले गोड पायजे. तू त कडू बी टाकून राहिली!" मी म्हटलं, मी अध्याय टाकते, गोड की कडू ते ज्याचं त्याने बघावं. ते म्हणाले, "अन् कोणाले वाईटच आलं त मी त्याले काय सांगू?" माय मागून म्हणाली, "काही नका सांगू भाऊ. त्याच्यासंगं बसून वाचा." भाऊंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "लिही."

तू नव्या वर्षाला येतोस का? खरंच विचारते.

तुझी,
रीताताई


तुमसर
२ जानेवारी २०२५

प्रिय प्रविण,

काल तू आला नाहीस. मायने तुझ्यासाठी बाजूची जागा धरून ठेवली होती, स्वेटरची बाही पसरून. कुणी बसायला आलं की म्हणायची, "येऊन राहिला तो." भक्ती सुरू झाली तेव्हा तिने स्वतःच बाही आवरून घेतली. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिते.

पण काल चर्चमध्ये जे हसू झालं, ते तू ऐकायला हवं होतंस! आनंदाबाईंना इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाचा पहिला अध्याय आला. तिथेच उघडून वाचायला लागल्या आणि ओरडल्या, "मले त नुसते नावंच आले बाप्पा! याले तो झाला, त्याले हा झाला, मी सालभर का करू याचं?" बाबूलालभाऊंना याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आला, जिभेला आवर घालण्याचा. सगळी मंडळी त्यांच्याकडे बघायला लागली. भाऊ आधी लाल झाले, मग स्वतःच हसायला लागले, आणि शेवटची प्रार्थना, खरं सांगते, डाळ करपायच्या आत संपली.

खुशबूला रूथचा पहिला अध्याय आला. संध्याकाळी माझ्याकडे आली. मला वाटलं ब्लाउजासाठी आली. तर म्हणाली, "ताई, हे नामी, रूथची सासू, देवाले किती कडू बोलते! नवरा गेला, पोरं गेले, मले गोड नावानं हाक मारू नका म्हणते. अन् तरी कोणी तिले चूप बस म्हटलं नाही?" मी म्हटलं, नाही म्हटलं. ती बसली माझ्याजवळ आणि पहिल्यांदा बोलली रे, सगळं बोलली. सासूचं, डॉक्टरांचं, उशीखालच्या चिठ्ठीचं. मी नुसती ऐकत होते.

आता तुझं. परगावी असलेल्याची चिठ्ठी घरातल्या वडीलधाऱ्याने काढायची, ही आपली रीत तुला माहीत आहे. मायने स्वतःची राहू दिली, आधी तुझी काढली. धानात हात घालून किती वेळ चाचपत होती. मग माझ्याकडे दिली, वाच म्हणून.

तुला आलं आहे ते स्तोत्र

इथे मी "तेविसावं" असं लिहिलं होतं आणि खोडलं. खोड दिसतेच आहे, नाकारून काय करू? तेविसावं किती बरं झालं असतं, मेंढपाळाचं, हिरव्या कुरणाचं. चर्चमध्ये मायने चिठ्ठी दिली तेव्हाही जिभेवर तेच आलं होतं. तिला वाचता येत नाही, तिला कळलं नसतं. तुलाही कळलं नसतं. मग वाटलं, एवढे दिवस मी काय शिकले?

तुला आलं आहे अठ्ठ्याऐंशीवं.

तुला ते आठवत असेल. मी घरी येऊन वाचलं आणि सुपात ही चिठ्ठी टाकणाऱ्या माझ्या हाताला मनात चार शिव्या दिल्या. बाकीचे भांडखोर शेवटी शेवटी तरी निवळतात. हा निवळत नाही. तरुणपणापासून मरणाच्या दारात उभा आहे, रात्रंदिवस हाका मारतोय, माझी माणसं तूच माझ्यापासून दूर नेलीस म्हणतो, आणि शेवटी फक्त अंधार. संपलं.

मायला खरं तेच सांगितलं. म्हटलं, माय, त्याला फार दुःखाचं आलंय. वाचून दाखवू का? तर म्हणाली, "तू नको. त्याची हाय, त्यालेच वाचू दे. फोनवर वाच म्हणा त्याले. मी आयकतो." मी म्हटलं, तो फोन उचलत नाही. "उचलू नको म्हणा. तूच कर म्हणा."

तर तिचा निरोप हा. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, फोन माझ्या मशीनवर ठेवलेला असेल. मी करणार नाही. तू करायचास. तुझा विश्वास आहे की नाही, हे ती विचारत नाही आणि मीही विचारत नाही. वाचता तर येतं ना? तिच्यासाठी एवढं कर, माझ्या बाबू.

तुझी,
रीताताई


तुमसर
१३ जानेवारी २०२५

प्रिय प्रविण,

काल तू तिकडून वाचत होतास, इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहिते.

माय सकाळपासून फोनच्या आसपास होती. भक्तीहून आली, हातपाय धुतले, जेवायला बसलीच नाही. "जेवण थंडं होऊन राहिलं," म्हटलं तर म्हणे, "होऊ दे." तुझे भाऊजी भात कालवत होते तेव्हा फोन वाजला. तिने मला हात लावू दिला नाही, स्वतः उचलला, आणि बटण सापडेना म्हणून घाबरून माझ्या हातात कोंबला.

तू "माय" म्हणालास. ती रडत होती असं तुला वाटलं असेल. नव्हती. ती फोनच्या काचेवरून बोट फिरवत होती, लहानपणी तुझ्या कपाळावरून फिरवायची तसं. मग तू म्हणालास, "वाचतो," आणि सुरू केलंस.

तू वाचायला लागलास आणि तुझे भाऊजी जेवायचे थांबले. हात ताटातच. मी शास्त्र उघडून बोट ठेवून बसले होते, तू एखादी ओळ गाळतोस का ते बघायला. एकही गाळली नाहीस. माझी माणसं दूर नेलीस या ओळीवर तुझा आवाज बसला, तेव्हा माय फोनवर आणखी वाकली, जणू काही तू त्याच्या आत आहेस. ती मान हलवत हळूच "हाव, हाव" म्हणत होती. ते तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

अंधारापाशी येऊन तू थांबलास. माय मला म्हणाली, "एवढ्यातच बंद करते का तो?" मी म्हटलं, माय, अध्याय संपला. तिने ते मनावरच घेतलं नाही. फोनला म्हणाली, "बाबू, पुढचा बी वाच."

तू गप्प झालास. मी पान उलटलं तेव्हा मला कळलं की का. अठ्ठ्याऐंशीव्याला लागूनच एकोणनव्वदावं आहे, आणि त्याची पहिलीच ओळ देवाच्या प्रेमदयेची गाणी सर्वकाळ गाईन अशी आहे. मला उलटून बघावं लागलं, तुला पाठ होतं. तू म्हणालास, "माय, हे मले म्हणता येत नाही."

माय म्हणाली, "म्हणू नको. वाच."

मग तू वाचलंस. प्रविण, किती लांब आहे ते! वरणाला साय धरली. गाणं आहे, वचनं आहेत, समुद्र आहे, राजा आहे, आणि पुढे जाऊन तोही भांडतोच, तुझी ती पूर्वीची प्रेमदया कुठे गेली म्हणून. तुझा आवाज आधी शाळेतल्या पोरासारखा होता, धड्यातून चाललेला. त्या भांडणापाशी तो तुझा झाला. मला ओळखू आला तो. बाबांची माती व्हायच्या आधीचा होता.

शेवटच्या ओळीत आमेन दोनदा लिहिलेलं आहे. पहिलं तू म्हणालास. दुसऱ्याच्या जागी काहीच आलं नाही. माय फोनकडे बघत राहिली. तुझे भाऊजी म्हणाले, रेंज गेली वाटते. गेली नव्हती, तुझा श्वास ऐकू येत होता. मी बोटाखालच्या त्या शब्दाकडे बघत होते. मग दुसरं आमेन मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, मायने वळून बघितलं एवढ्या मोठ्याने. ओठ हलवले नाहीत मी, म्हणाले. बाबा गेल्यानंतर देवाशी बोललेला माझा तो पहिला शब्द होता, आणि नेमका तेव्हाच फोन कटला.

म्हणून विचारते, तो तुला ऐकू आला का? आला नसेल तर घरी ये. समोर बसून म्हणते.

तुझी,
रीताताई